पैसा डब्यात, दोष खोलीत

घरी उत्तम आवाजात संगीत ऐकावं म्हणून हौसेने खर्च करणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ धर्माज्ञेसारखं रुजलं आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज अपुरा असतो, त्यातून तंबोऱ्याची जवारी आणि गायकाच्या श्वासाची धार निसटते, म्हणून २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची ‘हाय-रेझ’ फाइल हवी, असं हे मत सांगतं. ती वाजवायला लाखाच्या घरातला डॅक, म्हणजे आकड्यांचं विद्युततरंगांत रूपांतर करणारा डबा हवा. त्याला वेगळा वीजपुरवठा हवा, त्याच्या तोलामोलाचा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून संगीत आणणारा डबा हवा आणि डॅक व स्ट्रीमर यांना जोडणारी यूएसबी केबलसुद्धा जाड आवरणाची, चांदीचा मुलामा दिलेली हवी. दुकानदार हे सांगतो यात नवल नाही, तो त्याचा धंदा आहे. पण एरवी चोखंदळ असणारे, बंदिशीतला एक स्वर इकडचा तिकडे झाला तर भुवया उंचावणारे रसिकही हेच सांगू लागले आहेत, म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा. माझं म्हणणं असं की, हे मत नुसतं चूक नाही, ते उलटं आहे. घरच्या ध्वनिसाखळीत ज्या एकाच दुव्याचा प्रश्न पुरता सुटलेला आहे, नेमक्या त्याच दुव्यावर पैसा ओतायला ते सांगतं. आणि आवाज जिथे खरोखर बिघडतो तिकडे बघूच देत नाही.

सीडीची मापं कुणी हवेतून काढलेली नाहीत. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट हे प्रमाण ठरवलं, तेव्हा त्यामागे हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये मांडलेला आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये सिद्धतेसह पक्का केलेला सिद्धांत होता. ध्वनीतल्या सर्वांत उंच कंप्रतेच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घेतले, तर मूळ तरंग अंदाजाने नव्हे, जसाच्या तसा परत मिळतो. ४४,१०० नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. माणसाचा कान ऐन तारुण्यात २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि पन्नाशी उलटल्यावर बहुतेकांचा कान १२-१४ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. (महागडी यंत्रणा परवडू लागण्याचं वय आणि कान थकू लागण्याचं वय साधारण एकच असावं, ही या छंदाची थट्टाच आहे.) माहितीपत्रकांत डिजिटल ध्वनीची रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी आणि हाय-रेझची रेघ गुळगुळीत काढलेली असते. ते चित्र दिशाभूल करणारं आहे. डॅकमधली गाळणी पायऱ्या शिल्लकच ठेवत नाही. सीडीच्या आकड्यांतून बाहेर पडणारा तरंगही ऑसिलोस्कोपवर गुळगुळीतच दिसतो. नमुने वाढवल्याने ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली अचूकता वाढत नाही, फक्त वटवाघळांच्या उपयोगाच्या पट्ट्याला जागा मिळते.

बिटांचंही तेच. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मावतं. हा आकडा कमी वाटत असेल तर त्याला आपल्या घरात आणून बघावं. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत रात्री पंखा बंद केला तरी रस्ता, लिफ्ट आणि शेजारचा टीव्ही मिळून ३५ डेसिबलांची गुणगुण सहज असते. त्या गुणगुणीच्या वर पूर्ण ९६ डेसिबलांची पट्टी वापरायची ठरवली, तर तारसप्तकातली तान १३० डेसिबलांवर वाजेल. तिथे कान दुखू लागतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहतात. २४ बिटांचे कागदोपत्री १४४ डेसिबल तर कोणताही डॅक प्रत्यक्षात देऊ शकत नाही, कारण परिपथातल्या रोधकांचा उष्णतेमुळे होणारा गोंगाटच त्याला १२०-१३०च्या आसपास अडवतो. ध्वनिमुद्रण करताना २४ बिट हवेत, कारण गायक किती चढणार हे आधी ठाऊक नसतं आणि पुढच्या संपादनात आकड्यांची झीज होत राहते. ऐकणाऱ्याला ती गरज नाही.

डिजिटलबद्दलचा हा संशय मुळात निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात विक्रीला आला, तेव्हाच्या गाळण्या ओबडधोबड होत्या आणि अनेक कंपन्यांनी एलपीसाठी घडवलेल्या मास्टर टेपा तशाच सीडीवर चढवल्या. त्या तबकड्या कर्कश वाटल्या, कारण त्या कर्कशच होत्या. पण तो दोष कधीच मागे पडला आहे. आज अ‍ॅपल कंपनीचा ९ डॉलरचा, बोटाएवढा, हेडफोन जोडायचा अडॅप्टरसुद्धा डॅकच आहे, आणि त्यातली विकृती व गोंगाट मानवी कानाच्या उंबरठ्याखाली आहेत. उत्तम स्पीकरदेखील खालच्या स्वरांत एक-दोन टक्के विकृती मिसळतो, तर साधा डॅक टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास. असं असताना डॅक बदलल्यावर ‘पडदा दूर झाला’ असं वाटतं, ते कशामुळे?

याचं उत्तर शोधायचं तर डोळे झाकून ऐकावं लागतं. ई. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या उच्च दर्जाच्या तबकड्या दोन वाटांनी ऐकवल्या. एक वाट सरळ होती, दुसऱ्या वाटेत तोच ध्वनी मध्येच १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या अरुंद दारातून काढलेला होता. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रक होते, विद्यार्थी होते, मुरलेले हौशी होते. ५५४ वेळा विचारणा झाली आणि २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही तेवढीच बरोबर आली असती. दुसऱ्या बाजूने नेहमी पुढे केला जातो तो लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांचा २०१६चा अभ्यास. त्यांनी अठरा प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं; मुद्दाम प्रशिक्षण दिलेल्यांत ते जास्त होतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक योगायोगाचा नाही, हे मान्य. पण हाय-रेझच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावासुद्धा इतकंच सांगतो की, शंभरात दोन-तीन वेळा योगायोगापेक्षा जास्त जमतं. ज्याला दुकानात रात्र आणि दिवसाचा फरक म्हणतात, त्याचं मोजमाप हे आहे. स्वतः अ‍ॅपलने २०२१ मध्ये ‘लॉसलेस’, म्हणजे काहीही न गाळलेलं संगीत जादा पैसे न घेता देऊ केलं, तेव्हा आपल्याच जुन्या संक्षिप्त फाइलींपासून ते जवळजवळ वेगळं ओळखता येत नाही, हेही ग्राहकांना सांगून टाकलं.

यावर ठरलेला आक्षेप असा की, परीक्षेच्या ताणाखाली सूक्ष्म फरक कळत नाहीत. यंत्र घरी महिनोन् महिने मुरायला हवं. तसा प्रयोग कुणी आखला नव्हता, पण तो आपोआप घडला. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी जाणकारांत पूजनीय होती. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की २०११ पासून तिच्या कितीतरी एलपींच्या वाटेत डिजिटल पायरी होती. इतकी वर्षं जगातले तिखट कानांचे मानले जाणारे संग्राहक याच तबकड्या आपापल्या घरी, आपापल्या यंत्रणेवर, निवांतपणे ऐकत होते आणि त्यांतल्या निर्भेळ अ‍ॅनालॉग उबेची तारीफ करत होते. कुणाच्या कानाने पायरी पकडली नाही. पकडली ती विचारपूस करणाऱ्यांनी. प्रकरण न्यायालयात गेलं आणि कंपनीला परतावा देऊ करावा लागला. ही पायरी उच्च दर्जाच्या डिजिटलची होती, सीडीची नव्हे, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण डिजिटलचा वास आपल्याला लगेच येतो हा दावा तर त्याच दिवशी संपला.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: ‘हाय-रेझ अल्बम मला खरंच चांगला वाटतो.’ वाटू शकतो, कारण तो पुष्कळदा वेगळ्या हाताने, कमी दाबून मास्टर केलेला असतो. बाजारातल्या नेहमीच्या आवृत्तीत आवाज सतत मोठा ठेवण्यासाठी त्याचे चढउतार चिरडलेले असतात. मायर-मोरान यांनीही त्या तबकड्या ऐकायला चांगल्या असल्याची नोंद केली आणि श्रेय काळजीपूर्वक केलेल्या कामाला दिलं. तीच काळजी घेतलेली फाइल सीडीच्या मापात उतरवली तरी तिचं काही बिघडत नाही. तेव्हा रसिकाने बिट विचारण्याऐवजी मुद्रण कुणी आणि कसं केलं ते विचारावं. आपल्या संगीतात तर हे आणखी खरं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा अभ्यास करून जवारीतून उपस्वरांची रांग कशी उठते ते दाखवलं. त्या रांगेतलं कानाला ऐकू येणारं सगळं २० किलोहर्ट्झच्या आतच असतं. त्यात ज्या मैफलींसाठी आपण जीव टाकतो, त्या बहुतेक टेपवर आहेत आणि टेपची पट्टी ६०-७० डेसिबलांची, म्हणजे जेमतेम १२ बिटांची. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली. ती भैरवी १९२ किलोहर्ट्झच्या फाइलीत विकत घेणाऱ्याला जास्तीचं जे मिळेल, ती मूळ मुद्रणाची खरखर असेल.

आता खोलीकडे येऊ, कारण खरा दोष तिथे आहे आणि तो ऐकायला प्रशिक्षित कान लागत नाहीत. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी आपल्याकडची नेहमीची खोली घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनी येरझाऱ्या घालतो आणि ठरावीक कंप्रतांना स्थिर लाटा उभ्या राहतात. या खोलीत त्या लांबीच्या दिशेने ४७, ९४ आणि १४१ हर्ट्झला, रुंदीच्या दिशेने ५६ आणि ११३ हर्ट्झला, आणि चारही भिंती मिळून ७३च्या आसपास येतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज १३८-१३९ हर्ट्झला असतो आणि त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ला. म्हणजे गायकाचा आधारस्वर आणि तंबोऱ्याची सर्वांत खालची तार, दोन्ही या खोलीच्या गुंजनाला खेटून बसले आहेत. अशा ठिकाणी दहा-पंधरा डेसिबलांचा चढउतार सर्रास होतो, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला सुमारे दुप्पट किंवा निम्मा वाटणारा आवाज. एका खुर्चीत खर्ज घुमत राहतो; दोन हात सरकून बसलं तर तो नाहीसा होतो आणि डग्ग्याची मींड मधेच खड्ड्यात पडल्यासारखी वाटते. त्यात स्पीकरचं तोंड मागच्या भिंतीपासून सुमारे ६२ सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेला तरंग नेमका १३८-१३९ हर्ट्झला उलटा येऊन मूळ तरंगाला खातो. षड्जच बारीक होतो. तो परत आणणारा डॅक जगात नाही, कारण डॅकमधून तो पूर्ण बाहेर पडला होता.

पाश्चात्त्य पुस्तकांतले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. अमेरिकेतल्या लाकडी चौकट आणि जिप्समच्या भिंती खालचे स्वर थोडेफार बाहेर जाऊ देतात; आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती ते घट्ट आत कोंडतात. त्यात व्हिट्रिफाइड फरशी आणि सरकत्या काचा असल्या की वरचे स्वरही उड्या मारत राहतात. त्या वरच्या स्वरांवरचा उपाय घरातच असतो: जाड सतरंजी, घडीचे पडदे, आडवीतिडवी लावलेली पुस्तकांची मांडणी. पण बाजारात मिळणाऱ्या दोन इंच फोमच्या चौकोनांनी खर्ज सुधारेल अशी आशा करू नये; ६९ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी पाच मीटर असते, ती दोन इंचांना जुमानत नाही. खालच्या स्वरांसाठी स्पीकर आणि खुर्ची यांची जागा बदलून पाहणं हाच पहिला उपाय. टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबलेले स्पीकर फूट-दीड फूट पुढे आणि कोपऱ्यांपासून दूर घेणं, पाठ मागच्या भिंतीला न टेकवणं, याला एक पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच ते कुणी सांगत नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर लोकांना आधी पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले. उघड्यावर ऐकताना मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले. आणि खोलीतली जागा बदलल्याने होणारा फरक, जो पडद्याआड स्पष्ट ऐकू येत होता, तो दिसेनासा झाला. यंत्र डोळ्यांसमोर आलं की माणूस खोली ऐकायचं सोडून देतो. हा छंद कुठे भरकटला ते यापेक्षा नेमकं सांगता येणार नाही.

उरलेला दोष काढायला डिजिटलसारखं दुसरं साधन नाही, आणि गंमत म्हणजे उच्चभ्रू डिजिटलवाले तेच नाकारतात. फाइलमधल्या एकाही बिटाला हात न लावता ती डॅकपर्यंत पोचली पाहिजे, असा त्यांचा सोवळेपणा आहे. पण बिट निष्कलंक ठेवून खोलीने त्यांचा चुराडा केला, तर त्या पावित्र्याचं कौतुक कुणासाठी? मोजणीचा मायक्रोफोन एखाद्या नामांकित यूएसबी केबलपेक्षा स्वस्त येतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते. खुर्चीच्या जागी मायक्रोफोन ठेवायचा, खालपासून वरपर्यंत सरकणारा सूर वाजवायचा, आणि पडद्यावर उमटलेल्या आलेखात जे उंचवटे दिसतील ते संगणकातच छाटायचे. खड्डे मात्र भरायला जाऊ नये. भिंत खाते तो स्वर कितीही वाढवला तरी भिंत खातच राहते, तिथे स्पीकर हलवणं हाच मार्ग. या छाटणीने फाइलचे बिट बदलतात. बदलू द्यावेत. २४ बिटांची जादा जागा घरात कुठे खरोखर उपयोगी पडत असेल, तर या गणितात पडते.

वीज आणि केबल हा शेवटचा बालेकिल्ला. संगणकाचं घड्याळ अस्थिर असतं, म्हणून खास केबल हवी, हा युक्तिवाद जुना झाला. आजच्या यूएसबी डॅकमध्ये वेळेचं नियंत्रण डॅकचंच घड्याळ करतं, संगणक फक्त मागणीनुसार आकडे पुरवतो. उरलेली अस्थिरता एक नॅनोसेकंदाच्याही खाली असते, आणि डॉल्बीच्या बेंजामिन व गॅनन यांच्या १९९८च्या चाचण्यांत संगीतातली अस्थिरता कानाला कळायला वीसेक नॅनोसेकंद लागले. पण आपल्याकडच्या घरांतली एक तक्रार खरी आहे: अर्थिंग. संगणक एका प्लगवर, अँप्लिफायर दुसऱ्या भिंतीवरच्या प्लगवर आणि जुन्या इमारतीतलं अर्थिंग नावापुरतं, अशा ठिकाणी स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर येते आणि ती कुणालाही ऐकू येते. तिचा इलाज म्हणजे सगळी यंत्रं एकाच जोडफळीवर घेणं, संगणकाकडून ऑप्टिकल केबल आणणं आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेणं. चांदीचा मुलामा या यादीत नाही.

‘पैसा आमचा, आनंद आमचा, तुम्हाला काय त्याचं?’ हा प्रश्न रास्त आहे. सुबक यंत्राचा आनंद खोटा नाही. ज्याला अ‍ॅल्युमिनियमच्या एका अखंड ठोकळ्यातून कोरलेला डॅक मांडणीत ठेवायचा आहे, त्याने ठेवावा, जसं कुणी उत्तम घड्याळ घेतं. हरकत आहे ती त्या आनंदाला ध्वनिशास्त्राचं नाव देण्याला. एमक्यूए नावाचं एक स्वरूप २०१४ मध्ये असंच शास्त्राच्या थाटात आलं, त्याच्यासाठी लोकांनी नवे डॅक घेतले आणि २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. डबे घरात राहिले. याहून मोठं नुकसान नव्या श्रोत्याचं होतं. साठ-सत्तर हजारांत त्याला फार चांगले स्पीकर आणि नेटका अँप्लिफायर मिळू शकतो. तीच रक्कम तो डॅक आणि केबलीत घालतो, उरलेल्या पैशांत जे परवडतील ते स्पीकर कोपऱ्यात उभे करतो, आणि फरक ऐकू आला नाही तर दोष स्वतःच्या कानाला देतो. हा न्यूनगंड विकला जातो, म्हणून हा लेख.

तेव्हा घेणाऱ्याला एक विनंती. पुढचा डॅक घेण्याआधी दुकानदाराला म्हणा, हा आणि तुमच्याकडचा सर्वांत स्वस्त डॅक एकाच अँप्लिफायरला जोडा, दोघांचा आवाज मीटर लावून सारखा करा, कारण जरा मोठा असलेला आवाज नेहमीच सरस वाटतो, आणि कोणता चालू आहे ते मला न सांगता दहा-बारा वेळा बदलून ऐकवा. दरवेळी ओळखता आला, तर खुशाल घ्या. दुकानदाराने टाळाटाळ केली, तर पैसे खिशात ठेवा, घरी या आणि स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा.